मंगळवारचा सेल

काउंटीचा नकाशा आमच्या भिंतीवर आहे,
पण त्याच्याकडे कुणी बघत नाही.
कॅप्टन इबारा बाई नाकानंच वाचतात सगळं:
बदामाची साल जळली, तर कालव्याच्या अलीकडे,
रबर असेल, तर ट्रेलरांची वस्ती.
आणि मांझनीटाचा तेलकट गोडसर धूर आला
की कुणी बोलत नाही,
ताटं तशीच राहतात, पाय बुटांत.

एरवी आगीचं काम थोडंच.
पहाटे तीनला म्हातारी पा न्हिया पलंगावरून घसरते.
आम्ही चौघं तिला उचलून बसवतो,
ती आमच्या मनगटांना पांढरा दोरा बांधते
आणि ह्मोंगमध्ये काहीतरी पुटपुटते.
माझ्या हातावर असे तीन आहेत.
टेकडीवरच्या काचेच्या बंगल्यात
पोहायच्या तलावात साप निघतो, तोही आमचाच.

द्राक्षमळ्यातल्या मिश्तेक बायकांना
इंग्रजी येत नाही, आणि स्पॅनिशही नाही,
हे कळायला आम्हाला एक अख्खा उन्हाळा लागला.
भोंग्यावरून दोन्ही भाषांत ओरडत फिरलो आम्ही,
त्या हात हलवून हसत राहिल्या,
मागे डोंगर तांबडा.
शेवटी नऊ वर्षांच्या एलोईसानं गाडीच्या टपावर चढून
त्यांच्या बोलीतला एकच शब्द हाकारला.
तो आता आमच्या फळ्यावर लिहिलाय.
माझा उच्चार अजून चुकतो. त्या हसतात,
पण निघतात.

रानाला पत्ता नसतो.
रानातून फोन येत नाही,
वारा फिरला की समजायचं.
मग नारिंगी कपड्यांतल्या तुरुंगातल्या पोरी
कुदळी घेऊन कड्यावर चढतात, माती उघडी पाडत,
माणसाच्या खांद्याएवढी रुंद एक रेघ,
तिच्या अलीकडे आम्ही सगळे.

ऑर्विल पेटिग्रू त्या रेघेच्या पलीकडे राहतो.
सत्तर पेट्या मधमाश्या, आणि तो.
दर मंगळवारी फोन: धुराची घंटा टुकटुकतेय.
मी जाते, स्टुलावर चढते, सेल काढते,
जिभेला लावून बघते. जीभ चुरचुरते.
सेल नवाच असतो.
तरी बदलते. तो कॉफी करतो, फार कडू,
आणि मधाची बरणी पुढे सरकवतो.

सप्टेंबरात वारा पूर्वेकडून सुटला.
रात्री दोनला मी त्याच्या फाटकात.
म्हणाला, येणार नाही.
म्हटलं, धूर बघ.
म्हणाला, जन्मभर धूर देत आलोय मी,
धुराचं मला सांगू नकोस.

न येणाऱ्याला आम्ही काळा मार्कर देतो.
हातावर घरच्या कुणाचा नंबर लिहायला लावतो,
कशासाठी ते सांगावं लागत नाही.
त्यानं सावकाश लिहिला, शाळेतल्या अक्षरात.
बॅटरीच्या उजेडात मी वाचला:
स्टेशन एक्केचाळीसचा.
म्हटलं, हा तर आमचाच.
म्हणाला, मग लगेच लागेल.

रेडिओवर इबारा बाई माझं नाव घेत होत्या.
मी गाडी वळवली.
याच्याबद्दल मी कुणाशी फार बोललेले नाही.

त्या मंगळवारी फोन आला नाही.
इबारा बाईंनी किल्ली माझ्याकडे नुसती टाकली.
रस्त्याकडेचे खांब अजून धुमसत होते,
पाटी वितळून ओघळलेली.
घर होतं. का होतं, ते विचारू नका,
आग कधीकधी एखादं घर विसरते.
तो पायरीवर बसलेला, राखेनं पांढरा,
शेजारी अकरा पेट्या, गुणगुणत्या.
हातावरचा नंबर अर्धा पुसलेला,
शेवटचे चार आकडे तेवढे शाबूत.

घंटा गप्प होती.
मी आत गेले, स्टुलावर चढले,
सेल बदलला.